खेळांचा मोठा सोहळा आणि शेजारच्या घरांचे आरोग्य



या सदरात आपण नेहमी साखर, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू यांविषयी बोलतो. आजचा विषय खेळांचा आहे. "आता या वयात आम्ही कुठले खेळतो?" असे कोणी म्हणेल. पण आजचा धडा खेळणाऱ्यांसाठी नाहीच. तो मैदानाच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांत आपण सगळे कधी ना कधी येतो.

एखाद्या गावात मोठे सामने भरले की कोण जिंकले, किती गर्दी लोटली, किती कोटी खर्च झाले हे सगळे छापून येते. खेळाडूचा पाय मुरगळला तर लगेच स्ट्रेचर धावत येते. परंतु मैदानामागच्या गल्लीत डायालिसिसला जाणारे एखादे आजोबा असतात. रस्ता बंद म्हणून त्यांची रिक्षा येत नाही. त्यांची बातमी होत नाही. अशा माणसांकडे जायचे, त्यांच्यापाशी बसायचे, त्यांचे म्हणणे नीट लिहून घ्यायचे आणि त्यावरून निष्कर्ष काढायचे, अशी एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे. तिला गुणात्मक संशोधन म्हणतात. ती पद्धत काय आहे, तिच्यामुळे काय कळते आणि आपल्या तब्येतीशी तिचा काय संबंध, हे आज पाहू.

बरक्याचे उदाहरण

माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षे ओमान देशात गेली. एका खासगी दवाखान्यातर्फे मी घरोघरी जाऊन मलमपट्टी करणे, इन्सुलिन देणे, रक्तदाब मोजणे अशी कामे करीत असे. त्यात बरका गावची घरेही होती. म्हणून उदाहरण तिथलेच घेते.

बरका हे मस्कतहून मोटारीने तासाभराच्या वाटेवर, बातिना किनाऱ्यावरचे गाव. समुद्र, मासळीबाजार, खजुराच्या बागा, जुना किल्ला. अलिबाग-रेवदंड्याच्या माणसाला तिथे फारसे परके वाटणार नाही, फक्त नारळाऐवजी खजूर आणि हिरवळीऐवजी वाळू. तिथला हलवा साऱ्या ओमानात प्रसिद्ध आहे, आणि आलेल्या माणसापुढे कहवा, खजूर आणि हलवा ठेवल्याशिवाय बोलणे सुरू होत नाही. मधुमेहाच्या नर्सला हे किती अवघड जात असेल ते तुम्हीच ओळखा!

या एका गावाच्या परिसरात तीन तऱ्हेचे खेळ पाहायला मिळतात.

पहिला गावचा स्वतःचा. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी दुपारी बरक्यात बैलांची टक्कर होते. दोन बैल कपाळाला कपाळ लावून एकमेकांना रेटतात. जो मागे हटतो तो हरला. बैलाला मारत नाहीत. गोव्यातील धिर्यो ज्यांनी पाहिली असेल, किंवा रायगडच्या किनाऱ्यावरच्या बैलगाडा शर्यती, त्यांना त्या गर्दीची कल्पना येईल.

दुसरा खेळ म्हणजे एकदाच येणारा मोठा सोहळा. 2010 साली 8 ते 16 डिसेंबर या काळात ओमानने दुसऱ्या आशियाई बीच क्रीडास्पर्धा भरवल्या. वाळूवरचा फुटबॉल, व्हॉलीबॉल, आपली कबड्डी असे 14 खेळ त्यात होते. त्यासाठी बरक्याला लागून असलेल्या मुसन्ना तालुक्यात समुद्रकाठी नवी क्रीडानगरी बांधली. सोहळा संपल्यावरही तिचा वापर चालू राहिला. एप्रिल 2021 मध्ये तिथेच शिडाच्या होड्यांच्या ऑलिंपिक पात्रता शर्यती झाल्या आणि नेत्रा कुमनन ही या खेळात ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला झाली.

तिसरा खेळ दारावरून जाणारा. 2010 पासून ओमानमध्ये फेब्रुवारीत मोठी सायकल शर्यत होते. एका गावातून सुटायचे, दुसऱ्या गावी पोचायचे. 21 फेब्रुवारी 2015 रोजी तिचा एक टप्पा बरका तालुक्यातील सवादी किनाऱ्यावरून सुटायचा होता. त्या दिवशी वाळूचे वादळ आले. सुरुवातीची जागा बदलली. मग उष्णता इतकी वाढली की उतारावर ब्रेक लावताना सायकलींचे टायर फुटू लागले. शेवटी स्पर्धकांनीच पुढे जायला नकार दिला आणि तो टप्पा रद्द झाला.

या शेवटच्या गोष्टीत आजच्या विषयाचे सार आहे. जगप्रसिद्ध सायकलपटू "आता पुरे" म्हणाले आणि शर्यत थांबली, कारण त्यांचे ऐकले जाते. त्याच उन्हात रस्त्याच्या कडेला शिपाई उभे असतात, अडथळे लावणारे मजूर असतात, बघायला आलेली म्हातारी माणसे असतात. त्यांना कसे वाटते आहे, हे कोणी विचारले तरच कळणार.

आकडे काय सांगतात

प्रथम आकड्यांचे संशोधन पाहू, कारण त्याची किंमत कमी नाही. आपल्या वयाच्या माणसांनी लक्षात ठेवावेत असे तीन अभ्यास सांगते.

पहिला म्युनिकचा. 2006 साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद तपासली. जर्मनीचा सामना ज्या दिवशी असे, त्या दिवशी असे रुग्ण नेहमीच्या 2.66 पट आढळले. पुरुषांत ही वाढ 3.26 पट, स्त्रियांत 1.82 पट. सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत धोका सर्वांत जास्त होता. यांतले बरेच जण आधीपासूनच हृदयरोगी होते. आता दुसरी बाजूही सांगते. इटलीत झालेल्या अशाच अभ्यासात ही वाढ दिसली नाही. म्हणून टीव्ही बंद करा असे मी म्हणणार नाही. पण हृदयरोग असलेल्याने सामन्याच्या उत्साहात संध्याकाळची गोळी विसरू नये, एवढे नक्की.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील मॅरेथॉनचा. 2017 साली तो प्रसिद्ध झाला. अकरा शहरांतील 65 वर्षे व त्यापुढील रुग्णांची माहिती घेतली. हे धावणारे नव्हेत, हे शहरात राहणारे साधे वृद्ध, ज्यांना त्या दिवशी हृदयविकाराचा झटका आला किंवा हृदय बंद पडले. एरवी अशा 100 रुग्णांपैकी सुमारे 25 जण महिन्याभरात दगावत. मॅरेथॉनच्या दिवशी हाच आकडा 28 झाला. म्हणजे दर शंभरात तीन माणसे अधिक. त्या सकाळी अॅम्ब्युलन्सला रुग्णालय गाठायला सरासरी 4.4 मिनिटे जास्त लागत होती. रस्ते बंद होते, एवढेच कारण. चार मिनिटे म्हणजे आपल्याला चहा उकळायला लागणारा वेळ. हृदयाच्या रुग्णाला तो वेळ परवडत नाही.

तिसरा अभ्यास अटलांटाचा. 1996 च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे खासगी मोटारींची वर्दळ कमी केली होती. त्या सतरा दिवसांत दम्यासाठी तातडीने उपचार घ्यावे लागलेल्या मुलांची संख्या, एका सरकारी योजनेच्या नोंदींनुसार, सुमारे 42 टक्क्यांनी घटली. सगळ्यांनी वाहवा केली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तपासले तेव्हा दिसले की त्या दिवसांत आसपासच्या इतर शहरांतही हवा सुधारली होती, म्हणजे सारे श्रेय ऑलिंपिकच्या वाहतूकबंदीला देता येत नाही. आकडाही दुसऱ्यांदा तपासावा लागतो, हा यातला धडा.

ब्रिटनमधील संशोधकांनी 1978 ते 2008 या तीस वर्षांतील मोठ्या क्रीडासोहळ्यांवरचे 54 अभ्यास एकत्र वाचले आणि 2010 मध्ये निष्कर्ष मांडला. यजमान गावाच्या आरोग्याला फायदा होतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि होत नाही असे म्हणण्याइतकाही नाही. एवढे कोट्यवधी खर्चून उत्तर असे अर्धवट! याचे एक मोठे कारण हे की गावात सोहळ्याचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. एकाच घरात एकाचे भले होते आणि दुसऱ्याचे हाल. सरासरी काढली की दोन्ही एकमेकांत मिटून जातात.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. पण ती परीक्षा भात सगळीकडून सारखा शिजला असेल तरच खरी. गाव हे तसे पातेले नाही. खाली करपलेले असते आणि वर कच्चे असते. तिथे जागोजागचे शीत उचलून पाहावे लागते.

बरक्याच्या आजी

2010 च्या डिसेंबरात, बीच स्पर्धांच्या आठवड्यात, मी बरक्यातील एका आजींकडे पायाच्या जखमेची पट्टी बदलायला जात होते. वय सत्तरीच्या पुढे, जुना मधुमेह, डोळ्यांना अंधुक दिसे. घराणे बलुची, त्यामुळे हिंदी चांगले बोलत. कागदावर एक प्रश्न असे, "काही तक्रार?" त्यांचे उत्तर ठरलेले, "अल्हमदुलिल्ला, सब ठीक है." त्या दिवशीही तेच.

साखर मात्र सकाळची रोजच्यापेक्षा बरीच चढलेली. मी पट्टी बांधली, कहवा घेतला आणि म्हटले, "अम्मा, कालचा दिवस सकाळपासून कसा गेला ते सांगा ना." मग त्या बोलू लागल्या. त्यांचा नातू स्पर्धांमध्ये स्वयंसेवक होता. गणवेश घालून पहाटे निघे, रात्री परते. टीव्हीवर तो क्षणभर दिसला म्हणून साऱ्या आळीत खजूर वाटले होते. सांगताना त्यांचा चेहरा फुलून आला होता. आणि बोलता बोलता सहज म्हणाल्या, "सुई तो वही भरता था. अब रात को आके देता है."

म्हणजे सकाळचे इन्सुलिन आठवडाभर रात्री जात होते. सिरिंजवरच्या रेघा आजींना दिसत नव्हत्या, आणि नातवाचा आनंद मोडू नये म्हणून त्यांनी घरात कोणालाही सांगितले नव्हते. मी डॉक्टरांना कळवले. शेजारच्या मुलीला सिरिंज भरायला शिकवले. सकाळची वेळ पुन्हा लागली. नातूही शेवटपर्यंत कामाला गेला.

आता विचार करा. "खेळांचा तुमच्या आरोग्यावर परिणाम झाला का?" असा छापील प्रश्न या आजींना विचारला असता तर उत्तर काय आले असते? "नाही." किंवा "छान वाटले." आणि ते खोटेही नव्हते. त्यांना खरोखरच छान वाटत होते, आणि त्याच वेळी साखर चढत होती. दोन्ही गोष्टी एकत्र कळायला त्यांचा पूर्ण दिवस ऐकावा लागला. एका आजींवरून साऱ्या बरक्याविषयी काही सिद्ध होत नाही. पण कुठे शोधायचे ते मात्र कळते: वृद्धांची काळजी घेणारे तरुण हात सोहळ्याच्या कामाला गेले की मागे घरात काय होते?

विचारण्याचे शास्त्र

"हे तर आम्ही कट्ट्यावर रोज करतो," असे तुम्ही म्हणाल. गप्पा आणि संशोधन यांत फरक आहे, आणि तो पाच गोष्टींचा आहे.

एक, कोणाला विचारायचे ते आधी ठरवतात. पुढे पुढे करणारी माणसे आपणहून भेटतातच. संशोधक मुद्दाम वेगवेगळे लोक शोधतो. बरक्यात अभ्यास करायचा तर कोळी हवा, हलवाई हवा, घरात असणारी म्हातारी हवी, टॅक्सीवाला हवा, अपंग माणूस हवा, आणि केरळहून किंवा बांगलादेशातून आलेला बांधकाम मजूरही हवा. मजुराचे बोलणे त्याच्या मुकादमासमोर घ्यायचे नाही, आणि सासूचे बोलणे सुनेच्या तोंडून घ्यायचे नाही. दुभाषा लागला तर तो तिऱ्हाईत असावा.

दोन, प्रश्न उघडा ठेवतात. "त्रास झाला का?" या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही. "त्या आठवड्यातला एक दिवस सांगा" या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एक गोष्ट असते. कधी एकेकट्याची सखोल मुलाखत घेतात, कधी सहा-आठ जणांना एकत्र बसवून गटचर्चा करतात, कधी नुसते निरीक्षण करतात. बरक्यात शुक्रवारी बैलांच्या टकरीला कोण येते, कोण घरी राहते, पाण्याची सोय कुठे आहे, जखमी माणसाला बाहेर न्यायला वाट मोकळी आहे का, हे नुसते उभे राहून पाहिले तरी कळते.

तीन, एकदाच विचारून थांबत नाहीत. सोहळ्याच्या आधी, सोहळ्यात आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा जातात. सनई-चौघडा वाजत असताना घर कसे चालले ते कोणी सांगत नाही. मांडव उतरल्यावर सांगतात.

चार, माणसाची संमती घेतात आणि नाव गुप्त ठेवतात. आम्हा परिचारिकांना ही शिकवण पहिल्या वर्षापासूनची. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले बाजारात जाता कामा नये.

पाच, सगळे लिहिलेले पुन्हा पुन्हा वाचतात. सारख्या अर्थाच्या वाक्यांवर खुणा करतात, त्यांचे गट पाडतात. "रस्ता", "आवाज", "भाडे", "अभिमान", "एकटेपणा" असे गट आपोआप वर येतात. नव्या माणसाशी बोलूनही नवे काही निघेनासे झाले की थांबतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, न जुळणारा आवाज फेकून देत नाहीत. दहा जण खूष आणि एक रडत असेल, तर तो एक का रडतो हे जास्त लक्ष देऊन ऐकतात.

या पद्धतीची मर्यादाही सांगते. किती लोकांना त्रास झाला हे ती सांगू शकत नाही. ते आकड्यांचे काम. का झाला आणि कसा झाला, हे ती सांगते. थर्मामीटर ताप दाखवतो. तो कशाने आला ते रुग्णाशी बोलल्यावरच कळू लागते. दोन्ही हवेत.

लंडनमध्ये काय कळले

2012 चे ऑलिंपिक लंडनच्या पूर्व भागात झाले. तो शहराचा गरीब भाग. ऑलिंपिकमुळे लोक व्यायाम करू लागतील, आरोग्य सुधारेल, असे आधी सांगितले होते. तिथल्या शाळकरी मुलांचा आणि पालकांचा काही वर्षे पाठपुरावा केला. मुलांच्या हालचालीत टिकाऊ असा फरक दिसला नाही. हा आकड्यांचा भाग.

याच अभ्यासात न्यूहॅम भागातील कुटुंबांशी लांबलचक मुलाखतीही घेतल्या. आरोग्याविषयी विचारले तरी लोक घराविषयी बोलू लागले. भाडे वाढेल का, आपल्याला इथून हलवतील का, ओलसर खोलीतून कधी सुटका होईल. त्यांच्या मनात घर आणि आरोग्य वेगळे नव्हतेच. भीती अगदीच निराधार नव्हती. ऑलिंपिकच्या जागेसाठी क्लेज लेन नावाची एक वसाहत 2007 मध्ये रिकामी करून पाडली होती आणि तिथल्या चारशेहून अधिक रहिवाशांना दुसरीकडे जावे लागले होते.

ज्याचे जळते त्यालाच कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. गुणात्मक संशोधन याहून वेगळे काय सांगते? ज्याचे जळते त्याला जाऊन विचारा, एवढेच.

आता आपल्या दारात

बरका आणि लंडन दूर राहिले. मुंबईत 2004 पासून मोठी मॅरेथॉन होते. रविवारी पहाटेपासून दक्षिण मुंबईतले, हाजीअली-वरळीकडचे कित्येक रस्ते बंद असतात. क्रिकेटच्या विजयानंतरची गर्दी तर विचारायलाच नको. 4 जुलै 2024 रोजी विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीसाठी मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला आणि गुदमरलेल्या, जखमी झालेल्या काहींना रुग्णालयात न्यावे लागले. 4 जून 2025 रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत 11 जणांचा जीव गेला. आपली जी मंडळी इस्रायलमध्ये आहेत, त्यांच्याकडेही जेरुसलेम आणि तेल अवीवच्या मॅरेथॉनला रस्ते बंद होतातच.

खेळ वाईट असे मला मुळीच म्हणायचे नाही. सामन्याच्या निमित्ताने नातवंडे जवळ बसतात, एकटी माणसे शेजाऱ्याकडे जाऊन टीव्ही पाहतात, हसतात. एकटेपणा हाही आपल्या वयातला रोगच आहे आणि त्यावर हे चांगले औषध आहे. आपण फक्त तयारीत राहावे.

तयारी अशी करा.

1. तुमच्या भागात मॅरेथॉन, मिरवणूक किंवा मोठा सामना आहे का, याची तारीख आठवडाभर आधी दिनदर्शिकेवर लिहा. कोणता रस्ता किती वाजेपर्यंत बंद आहे ते मुलांना किंवा वॉचमनला विचारून ठेवा.

2. डायालिसिस, केमो, पट्टी, तपासणी अशी ठरलेली वेळ त्या दिवशी येत असेल तर रुग्णालयाला फोन करून आधीच बदलून घ्या. "बघू त्या दिवशी" असे करू नका.

3. रोजच्या गोळ्या आणि इन्सुलिन किमान चार दिवसांचे घरात ठेवा. औषध देणारा माणूस त्या दिवशी घरी असणार का, हेही पाहा. नसेल तर त्याच्या जागी कोण, ते नावानिशी ठरवा.

4. छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणे, दरदरून घाम, अचानक धाप, मळमळ, विशेषतः मधुमेही व्यक्तीला किंवा स्त्रीला एकाएकी फार थकवा, यांतले काहीही झाले तर सामना संपायची वाट पाहू नका. महाराष्ट्रात 108, इस्रायलमध्ये 101 या क्रमांकावर लगेच फोन करा. फोनवर सांगा की अमुक रस्ता बंद आहे, अॅम्ब्युलन्सने कुठल्या बाजूने यावे. स्वतः गाडी चालवत निघू नका. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर बसून घ्या, उभ्याने नको, चक्कर येते.

5. अटीतटीचा सामना पाहताना एकटे बसू नका. मध्ये मध्ये उठून खोलीत चार पावले टाका. वेफर्स, फरसाण, कडक चहा यांचा मारा करू नका. फारच धडधड होऊ लागली तर आतल्या खोलीत जा. निकाल नंतरही कळतो!

6. उन्हात उभे राहून पाहण्याचा मोह टाळा. जायचेच तर सावली, टोपी आणि पाणी हवे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल, तर ते माप मोडण्यापूर्वी त्यांना विचारा.

7. विजयाच्या रात्री फटाके आणि ढोल असतात. दम्याचा पंप हाताशी ठेवा, रस्त्याकडच्या खिडक्या लावा, कानयंत्र वापरत असाल तर आवाज कमी करा.

घरी करण्याचा अभ्यास

आता थोडा गृहपाठ. पुढच्या वेळी तुमच्या भागात असा सोहळा झाला की दुसऱ्या दिवशी आपल्या इमारतीतील एका वयस्क शेजाऱ्याकडे जा. शक्यतो ज्यांच्याकडे कोणी फारसे जात नाही अशांकडे जा. परवानगी घेऊन हे विचारा.

कालचा दिवस सकाळपासून कसा गेला ते सांगाल का?

काल कोणती गोष्ट रोजच्यासारखी झाली नाही?

घरी तुमच्या मदतीला कोण होते?

कशाने बरे वाटले?

पुढच्या वेळी काय वेगळे असावे असे वाटते?

एवढे पाच प्रश्न पुरेत. मध्ये बोलू नका, आपली कहाणी सुरू करू नका, सल्ला देऊ नका. ते गप्प बसले तर तुम्हीही थोडे गप्प बसा. खरे बोलणे बहुधा त्या गप्पपणानंतर येते. त्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत वहीत लिहा. नाव लिहू नका, वय तेवढे लिहा. असे दहा जणांचे बोलणे जमले की सोसायटीच्या सेक्रेटरीकडे किंवा वॉर्ड ऑफिसात जाता येते. "आमच्या इमारतीतील सात वृद्धांना त्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर पडता आले नाही, त्यांतील दोघांची रुग्णालयाची वेळ चुकली" असे लिहून दिले तर ते कोणाला सहज झटकता येत नाही. अॅम्ब्युलन्ससाठी एक वाट मोकळी ठेवा, अशी मागणी मग नुसती तक्रार राहत नाही, तिला पुरावा असतो.

आपल्या वयाच्या माणसांची एक खोड आहे. कोणी विचारले की आपण "ठीक आहे" म्हणतो. मुलांना काळजी नको, शेजाऱ्यांना त्रास नको. बरक्याच्या आजी तेच करीत होत्या. म्हणून विचारणाऱ्याने नीट विचारावे, आणि ज्याला विचारले त्यानेही नीट सांगावे. तुमचा बिघडलेला एक दिवस सांगण्याजोगा आहे. तो कोणी तरी लिहून घेतला, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाची तरी चार मिनिटे वाचू शकतात.

पुढील अंकात उन्हाळ्यात औषधे कशी साठवावीत, याविषयी बोलू. तोपर्यंत तब्येत सांभाळा.